बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत

सेमिनरी हिल्सच्या उतारावर, हिरव्या जाळीखाली
शालिकभाऊ विचारत होते :
खिडकी कोणत्या बाजूची? ऊन किती वेळ येते?
घरी कोण कोण असते?
जसं काही झाड नाही, मुलगीच द्यायची होती माझ्या घरात.

मी सांगितलं. खिडकी एक, पश्चिमेची.
माणूस एक, तेही मालगाडीच्या शेवटच्या डब्यात,
कधी आमल्याला, कधी बल्लारशाला,
कधी गोंदियाच्या अलीकडे लाल सिग्नलला चार चार तास.
परत कधी येणार ते कंट्रोललाही ठाऊक नसतं.

"मंग मोगरा नाही," म्हणाले,
आणि मोगऱ्याच्या कुंडीवरचा हात काढून घेतला.
फर्नकडे तर मला बघूच दिलं नाही.
"थे तुमच्याकडं रडत बसन."

तेव्हा मी मागच्या वर्षीचं जेड सांगून टाकलं.
किल्ली शेजारच्या चाफलेबाईंकडे होती.
त्यांचा ओजस रोज शाळेतून आला की
बाटलीत उरलेलं पाणी त्याला पाजायचा.
आठ दिवसांनी मी आले
तर खोड बोटानं दाबलं गेलं, काळ्या पडलेल्या केळ्यासारखं.
ओजसला म्हटलं, उन्हानं गेलं रे.

शालिकभाऊ हसले नाहीत.
"तहानेनं मरणारं झाड आधी सांगते, म्याडम.
पानं पाडते, आठ दिवस तमाशा करते.
पाण्यानं मरणारं सांगत नाही.
वरून हिरवंगार रायते."

मग एक स्नेक प्लांट पुढे केलं,
"नागपुरात नाग तं पाह्यजेच न!"
एक झेडझेड. ते उपटून दाखवलं मला,
मातीखाली बटाट्यासारख्या गाठी.
पाणी त्यात भरून ठेवतं म्हणे, महिनाभराचं.
मला माझी ड्युटीची पेटी आठवली :
लाल-हिरवे झेंडे, टॉर्च, चादर,
आणि तळाशी चिवड्याची पुडी, कुठे अडकलो तर.
कोरफडीचे पैसे घेतले नाहीत त्यांनी.

बहीण भंडाऱ्याहून फोनवर म्हणाली,
मग प्लास्टिकचीच आणायची होती ना!
मला उत्तर सुचलं नाही. काटोल गेलं, नरखेड गेलं,
मागे रूळ निघत राहिले, तरी सुचलं नाही.
इटारसीच्या रनिंग रूममध्ये भाजी वाढून घेताना सुचलं :
प्लास्टिकचं झाड कितीही दिवस विसरता येतं.
यांना मोजून विसरावं लागतं.
वीस दिवस विसरायचं,
एकविसाव्या दिवशी नाही.
पण तोवर तिचा फोन लागेना.

मे महिन्यात शेहेचाळीस.
घरात खरी तहान कूलरची.
घरी असले की रात्री अलार्म लावून दोनदा उठते,
बादली ओतते, तान्ह्या पोरासारखं.
त्या एका बादलीत या तिघांचं वर्ष निघेल.
खस ओली होते, वास येतो,
आणि स्नेक प्लांट कोपऱ्यात तसंच उभं,
इकडे चाललेल्या या लाडांशी काही संबंध नसल्यासारखं.

काल पहाटे तीनला अजनीहून आले.
लाईट गेलेली. जिन्यात चाफलेबाईंच्या चपला,
कुणाचं तरी बाळ गच्चीवर रडत होतं.
बूटही न काढता मग भरला,
टॉर्च दातांत धरून मातीत बोट घातलं,
पहिल्या पेरापर्यंत कोरडं,
दुसऱ्या पेराशी
गार.

अजून सहा दिवस तरी नको.

मग हातात तसाच. कूलर बंद.
जराशी उभी राहिले, मग मीच प्याले ते पाणी,
सगळं, एका दमात.
पांढुर्ण्यापासून घोट गेला नव्हता पोटात,
हे तेव्हा कळलं.